पिवळा थर

उज्ज्वला भागळच्या बाजारात डिंक आणायला गेली, तिथून ही गोष्ट सुरू होते. काम साधंच. चैत्रातलं ऊन रणरणत होतं, रिक्षावाले सावली धरून झोपले होते, आणि गांध्याच्या दुकानात धण्या-जिऱ्याचा गार वास होता.

"गुंदर? कोने त्यां बाबो आव्यो, बेन?" दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारलं.

बाळंतिणीच्या लाडवांशिवाय भर उन्हाळ्यात डिंक नेतंय कोण! उज्ज्वला नुसतीच हसली. फोटो छापायला हवाय म्हटलं असतं, तर आणखी चार प्रश्न आले असते, आणि प्रश्नांना ती भ्यायची. लहानपणापासून ती अशीच होती, कुकरच्या शिट्टीला दचकणारी. बी.एस्सी. झाली, साड्यांच्या एका डिझाइन-ऑफिसात कॉम्प्युटरवर नोकरीला लागली, तरी मागून कुणी हाक मारली की हातातला कप हिंदकळायचाच.

डिंक हवा होता तो रविवारच्या शिकवणीसाठी. मालतीबाई तिच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. आता निवृत्त होऊन कतारगामला वरच्या मजल्यावर एकट्या राहत. घराला लागूनच मोठी अगाशी, आणि अगाशीवर दिवसभर ऊन. शंभरेक वर्षांपूर्वी लोक डिंक आणि रंगाने फोटो कसे छापत, ते बाई स्वतः करून करून शिकल्या होत्या, आणि आता कुणी आलं तर शिकवत. आधी तिघी येत होत्या. हाताला डाग पडतात म्हणून दोघी गळाल्या. उज्ज्वला टिकली, कारण त्या पिवळ्या दिव्याच्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नसे.

"डिंक, त्यात रंग, आणि हे केशरी औषध," बाई ब्रशने कागदावर पातळ थर ओढत सांगत. "वर निगेटिव्ह ठेवायची, काच दाबायची, उन्हात धरायचं. जिथे ऊन लागलं तिथला डिंक कागदाला घट्ट धरतो. सावलीतला पाण्यात सुटून जातो. एवढीच जादू. मग वाळवायचं आणि पुन्हा दुसरा रंग. आधी निळा, मग लाल, शेवटी पिवळा. ऊन कमी पडलं तर थर राहत नाही, जास्त झालं तर चित्र उघडत नाही. आणि हातमोजे घाल गं बाई, ते औषध वाईट आहे."

ट्रे खणकन वाजला. उज्ज्वला उडालीच.

"अगं, झाकण पडलं! बॉम्ब नाही पडला. तुझ्या सासूचं काय होईल, काय माहीत. तिला शिंकायचीसुद्धा चोरी."

फोटो कुणाचा करायचा, हे ठरत नव्हतं. बाई म्हणाल्या, "ज्याचा चेहरा विसरून जाऊ अशी भीती वाटते, त्याचा कर. हात आपोआप जपून चालतो."

उज्ज्वलाच्या तोंडून नाव निघायला वेळ लागला नाही. चेतन.

चेतन तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी उसाच्या हंगामात बारडोलीला ट्रॅक्टरवर कामाला गेला, तो परत आला नाही. कालव्याच्या काठावर त्याच्या चपला सापडल्या. नीट, जोडीने ठेवलेल्या. पोलिसांनी पाणी ढवळलं, पोहणारे उतरवले. काही सापडलं नाही. उधन्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत तेव्हापासून दोन मतं राहत होती. आई, शोभाबाई, म्हणायची तो येईल. वडील, नाना, म्हणायचे काहीच नाही. मिलची पाळी करायची, यायचं, जेवायचं आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचं, एवढंच त्यांचं चाले.

त्यांच्या गल्लीत सगळी खानदेशातली माणसं. धुळ्याची, पारोळ्याची, अमळनेरची. आणि त्या गल्लीत जिवंत माणसाचा मोठा फोटो कुणी करत नसे. जिवंत माणूस पासपोर्टएवढा, आरशाच्या कडेला खोचलेला किंवा मोबाइलमध्ये. फोटो मोठा होऊन काचेत गेला, भिंतीवर चढला, की माणूस गेला, हे शेंबड्या पोरालाही कळे. नानांच्या एका मिलवाल्या दोस्ताने मागे चांगल्या मनाने म्हटलं होतं, पोराचा एक फोटो मोठा करून घ्या. आईने त्याला पुरता चहाही पिऊ दिला नव्हता.

"तो काय मरेल शे का, मोठा फोटू लावाले?"

हे सगळं उज्ज्वलाला ठाऊक होतं. पण शिकवणीचा कागद म्हणजे काही फोटो नव्हे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मोबाइलमधला मामेबहिणीच्या हळदीतला चेतन तिने निवडला. गालावर कुणीतरी हळद फासलेली, आणि तो सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तिने त्या चेहऱ्याच्या तिन्ही रंगांच्या निगेटिव्ह काढल्या. उशीएवढ्या मोठ्या.

पहिल्या रविवारी निळा थर.

ऊन दाखवून झाल्यावर कागद पाण्यात उपडा सोडायचा असतो. तोंड खाली, पाठ वर. सुटलेला रंग आपोआप तळाशी जातो, हात लावायचा नसतो. उज्ज्वलाने कागद सोडला आणि त्या पांढऱ्या पाठीकडे बघत उभी राहिली. पाण्यावर तो हलके हलके तरंगत होता. कालव्यात माणूस असाच... तिने मान झटकली.

"बाई, कसला वास येतोय? गोडसर..."

"डिंकाचा."

डिंकाचा नव्हता तो. बारडोलीला साखर कारखान्याच्या मागे येतो तसला, मळीचा, आंबूस, घशात बसणारा. पण बाई निवांत चहा पीत होत्या, म्हणून ती गप्प राहिली.

कागद उलटला आणि तिचं मन भरून आलं. निळा निळा चेतन, धुक्यातून आल्यासारखा. डोळे उघडे, सरळ तिच्याकडे. भुवईतली खोक. विसरलीच होती ती खोक. दिवाळीत पणतीवर पडला होता.

"छान आलाय गं," बाई म्हणाल्या. "हसरा आहे पोरगा."

दुसऱ्या रविवारी लाल थर. कोपऱ्यांतल्या पेन्सिलच्या खुणा जुळवून तिने निगेटिव्ह ठेवली, बाईंनी भिंगातून तपासली. कागद उन्हातून आणून पाण्यात उपडा सोडला. बाई आत पोळ्या करायला गेल्या. खोलीत ती एकटी, डोक्यावर पिवळा दिवा.

टक.

कागदाचा कोपरा ट्रेच्या काठाला लागला असेल. पंखा बंद होता. औषधाची पूड उडते म्हणून बाई तो लावतच नसत.

टक... टक...

पाणी हलत नव्हतं. कागद हलत होता. डोकं असावं त्या बाजूने तो काठाला येऊन लागत होता, मागे जात होता, पुन्हा येऊन लागत होता. वाट सापडत नसलेल्या माणसासारखा.

"बाई..." ती पुटपुटली. मग तिने डोळे घट्ट मिटून कागद उचलला, उलटला आणि मग बघितलं.

चेतनचे डोळे मिटले होते.

बाई पिठाचे हात घेऊन आल्या. आधी म्हणाल्या, थर सरकला. मग हात धुतले, चष्मा लावला.

"थर सरकला तर डोळा सरकेल ना, बाई... मिटेल कसा?"

बाईंनी निगेटिव्ह उजेडात धरली. दोन्ही डोळे उघडे. निळी निगेटिव्ह धरली. उघडे. मग कागदाकडे बघितलं. पापण्या खाली आलेल्या, पापण्यांचा एक एक केस दिसत होता. असा फोटो चेतनचा कुणी काढलाच नव्हता.

"आजचं बस," बाई हळूच म्हणाल्या. पोळी तव्यावर जळाल्याचा वास येत होता. दोघींपैकी कुणीही आत गेलं नाही.

आठवड्याच्या मध्येच बाईंचा फोन आला.

"उज्ज्वला, तुझा तो कागद घेऊन जा, बेटा."

"का हो, बाई?"

"काही नाही. घरात... मळीचा वास येतोय. खिडक्या उघड्या टाकल्या तरी जात नाही."

ऑफिस सुटल्यावर तिने कागद आणला. वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कपाटामागे सरकवून ठेवला. आईला दिसता कामा नये. पण सापडला तो नानांना. तिच्या बोटांवरचा केशरी डाग त्यांनी ओळखला होता, मिलच्या स्क्रीन-छपाईच्या खात्यात असलंच औषध वापरत. पोरगी कसलं औषध हाताळते म्हणून त्यांनी शोधलं, तर हातात पोरगाच आला.

ती आत आली तेव्हा नाना खाटेवर कागद मांडीवर घेऊन बसले होते. रागावतील म्हणून ती दारातच थांबली. नाना रागावले नाहीत. मिटलेल्या पापण्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"झोपेल दिखस," ते म्हणाले.

"नाना, ते चुकून झालंय. डोळे उघडे होते..."

"आखाजीपर्यंत व्हई का?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. आखाजीला, अक्षय तृतीयेला, खानदेशातल्या घरांत पितरांची घागर भरतात. उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढून एकेकाचं नाव घेतात. नानांना त्या नावांत चेतनचं नाव घालायचं होतं.

"नाना, तो जिवंत असला तर?"

बाहेर कुणाचा तरी लूम खडखडत होता, तो चहाच्या वेळेला थांबला.

"वाट देखी देखी थकनू मी, उज्जू. मिलमा उभं राहीसन नही थकनू. तुनी मायले सांगू नको."

ती मायला काय सांगणार होती! रोज संध्याकाळी आई दाराशी बसायची, गल्लीच्या तोंडाकडे बघत. लांबून कुणी पोरगा त्याच चणीचा आला की तिची मान उंच व्हायची. जवळ आला की खाली जायची. त्या उंच होणाऱ्या मानेवर आईचा सगळा जीव तोललेला होता. आणि उज्ज्वलाने मात्र स्वतःच्या हाताने त्याचा मोठा फोटो केला होता. तोही डोळे मिटलेला. रात्री ती पडल्या पडल्या स्वतःशी एकच गोष्ट घोकत राही: अजून पिवळा थर राहिलाय. अजून काही पक्कं झालेलं नाही. डोळे उघडता आले तर...

तिसऱ्या खेपेला ती कागद घेऊन परत गेली आणि तिने बाईंना सरळच विचारलं. "ओल्या थरावर ब्रश चालवून उघडता येतं ना काही काही?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "येतं. ऊन कमी द्यायचं, थर कच्चा ठेवायचा, मग मऊ ब्रशने हवं तेवढं काढता येतं. पण कच्चा थर कच्चाच राहतो, उज्ज्वला. त्याचा भरवसा नाही. मी तुला कर म्हणत नाहीये."

"असाच ठेवला तर तो मेलेला दिसतो, बाई."

"पिवळ्याशिवाय सगळेच तसे दिसतात गं. निळे-जांभळे. पिवळ्याने कातडीत जीव येतो." बोलून गेल्या आणि जीभ चावली.

तिने थर लावला. अगाशीवर कागद धरला आणि नेहमीपेक्षा फार लवकर ऊन तोडलं. आत येऊन पाण्यात उपडा सोडला. बाई दाराजवळ खुर्ची घेऊन बसल्या, ट्रेकडे पाठ करून.

काही वेळ काहीच झालं नाही. पाण्यात पिवळी धार सुटत होती. मग कागदाच्या कडेशी एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

थोड्या वेळाने आणखी एक.

"बाई... बुडबुडे येताहेत."

"हवा अडकली असेल. उचलून परत सोड."

तिने उचलला, परत सोडला. बुडबुडा. थांबून, पुन्हा बुडबुडा. तिच्या स्वतःच्या छातीचा भाता त्याच लयीत वरखाली होऊ लागला होता.

"बाई, हा श्वास घेतोय..."

"उज्ज्वला, नको."

पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते भीतीचं नव्हतं. तो आहे! खाली, उपडा, पाण्यात, पण आहे. तिने कागद झटकन उलटा केला. पिवळ्याने खरंच जीव आला होता. ओठ ओठांसारखे, कान कानांसारखे, आणि गालावर हळद, ओली, नुकती लावल्यासारखी. फक्त डोळे मिटलेले. तिने खारीच्या केसांचा ब्रश घेतला आणि उजव्या पापणीवरून हलकेच फिरवला.

पिवळा सुटला. मग लाल सुटला. तो सुटायला नको होता, तो थर पक्का होता, नखाने खरवडला तरी निघाला नसता. मग निळाही दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन ब्रशला आला. खाली बुबुळ नव्हतं. खाली नुसता कागद होता, पांढरा.

दुसऱ्यात तरी सापडेल, असं तिला वाटलं, म्हणून तिने डाव्या डोळ्यावर ब्रश फिरवला.

तोही पांढरा.

बुडबुडे थांबले होते. मागे बाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि बाई दार उघडून उन्हात निघून गेल्या.

आखाजीच्या सकाळी नानांनी भिंतीत खिळा ठोकला. फोटो बिघडलाय, नाना, नका लावू, असं तिने किती वेळा सांगितलं. नानांनी ऐकलं नाही. काच बसवून आणली होती, हारही आणला होता. आई नळावरून पाण्याची कळशी घेऊन आली, तिने कळशी खाली ठेवली आणि वर बघितलं.

उज्ज्वलाला वाटलं, आई ओरडेल, कपाळ बडवून घेईल. आईने काही केलं नाही. जवळ जाऊन बघितलं, लांब होऊन बघितलं.

"हाऊ मना पोऱ्या नही," ती शांतपणे म्हणाली. "ह्याले दिखत नही. मना चेतनले दिखस."

तिने फोटो खिळ्यावरून काढला, तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात टेकवून ठेवला आणि मागच्या दारी मोरीपाशी जाऊन बसली. मग सबंध सकाळ ती घरात आली नाही.

नानांनी एकट्याने सगळं केलं. घागर भरली, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवल्या. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढली. आजोबांचं नाव घेतलं, पणजोबांचं घेतलं. मग त्यांचं बोट कुंकवात बराच वेळ बुडून राहिलं. शेवटी त्यांनी चेतनचं नाव घेतलं, बोट ओढलं आणि पाणी सोडलं. विस्तवावर घास टाकला. पाट मांडला, पुरणपोळी आणि आमरसाचं ताट वाढलं. पितर म्हणून जेवायला शेजारच्या गल्लीतल्या एकाला सांगून ठेवलं होतं. तो अजून आला नव्हता.

दुपार डोक्यावर आलेली. गल्लीत चिटपाखरू नाही. दारात सावली पडली, तेव्हा उज्ज्वलाला वाटलं तोच आला.

तो चौकट चाचपत होता. एक हात चौकटीवर, दुसरा पुढे पसरलेला. पाय उचलून त्याने उंबरठा ओलांडला, आणि कुंकवाचं शेवटचं बोट त्याच्या तळव्याखाली गेलं.

"सगळं पांढरं दिखस," तो म्हणाला. "माय कथी शे?"

आवाज चेतनचा होता. भुवईत खोक होती. गालावर हळद होती, ओली. आणि पापण्या उघड्या होत्या, आणि आत काही नव्हतं. कोऱ्या कागदासारखं पांढरं.

उज्ज्वला मागे सरकली. पण मागच्या दाराशी आई उभी होती आणि तिची मान उंच झाली होती. या वेळी ती खाली गेली नाही. "ये मना राजा," म्हणत आई धावली, त्याला कवेत घेतलं, पाटावर बसवलं, आणि पितरासाठी वाढलेल्या ताटातला घास त्याच्या तोंडात घातला. तो जेवला. न चावता, हळूहळू जेवत राहिला.

नाना भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यांची बोटं अजून कुंकवाने लाल होती. उज्ज्वला जवळ गेली तेव्हा ते तिच्या कानाशी पुटपुटले, "त्याना नावनं पानी सोडी दिधं मी, उज्जू... मंग हाऊ कोन उना?"

त्यानंतर नाना त्या पोराशी एक शब्द बोलले नाहीत. जादा पाळ्या घेऊ लागले.

आईला मात्र कशाची शंका नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, ऑपरेशन करू. हात गार लागतात, अशक्तपणा आहे. कुठे होता, तर आठवत नाही, नको आठवू. बोलत नाही फारसा, नको बोलू. दोन वर्षं तो माय-बापाशिवाय राहिला, आता पोटभर खाऊ दे आणि पहिल्यांदा अंघोळ कर बाबा, केवढा मळ चढलाय!

मोरीवरच्या दगडावर तो उकिडवा बसला, खाली मान घालून. आईने पाणी ओतलं, वजरीने पाठ घासली. पाणी पिवळं आलं.

"हळद शे," आई हसून म्हणाली.

उज्ज्वला दारात उभी होती. पिवळी धार दगडावरून उतरत मोरीकडे जात होती, संपतच नव्हती. पाणी टाकलं की पिवळं, टाकलं की पिवळं. आणि अंघोळ आटोपली तेव्हा चेतनची कातडी निळी-जांभळी दिसत होती.

"आई... रोज नको अंघोळ घालू त्याला. सर्दी होईल."

"वैशाखमा?"

तिने वजरी लपवली, आईने नारळाची शेंडी घेतली. तिने नळाला पाणी आलं नाही म्हणून सांगितलं, आई शेजारून दोन कळश्या घेऊन आली. खरं सांगावं असं सारखं जिभेवर यायचं. पण सांगणार काय? आई, हा माझ्याच हातचा आहे, आणि मी याला ऊन पुरेसं दिलं नाही? ती बाईंकडे कतारगामला जाऊन आली. बाईंच्या दाराला कुलूप होतं. मुलीकडे गेल्या, केव्हा येतील माहीत नाही, असं खालची बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाणी लाल आलं. आई म्हणाली, उधन्याच्या नळाला असंच गढूळ येतं. उज्ज्वलाने आईचा हात धरला, धरून ठेवला. आईने तो मायेने सोडवून घेतला. "तुले भेव वाटस का व माय? मना पोरगा शे. किती मळ निंघी राहिना देख! दोन वरीसना मळ शे." तो मान खाली घालून बसला होता. आता तो धुरासारखा दिसत होता, फिकट निळा, आणि त्याच्या पाठीतून मोरीचा दगड कळत होता.

"ताई," तो एवढंच म्हणाला, "हळू..."

आणि घासत तर आई होती.

पुढच्या सकाळी उज्ज्वला मोरीकडे गेली नाही. पुढच्या दारात कानांवर हात ठेवून बसली. तांब्याचा आवाज तरीही येत होता, बादलीत बुडायचा, ओतला जायचा, पुन्हा बुडायचा. थोड्या वेळाने गल्लीच्या गटारातून निळं पाणी वाहत आलं आणि तिच्यासमोरून पुढे गेलं. गटारात रंगीत पाणी म्हणजे उधन्यात रोजचंच, कुणी वळूनही बघितलं नाही. निळं होतं तोवर ती बघत राहिली. मग पाणी स्वच्छ यायला लागलं.

ती उठली. पाय आपोआप कोपऱ्याकडे गेले. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली ती काच तिने हळूच वळवली.

आत कोरा कागद होता. केस नाहीत, ओठ नाहीत, खोक नाही. फक्त तिने ब्रशने उघडलेल्या त्या दोन जागी दोन डोळे होते, निळ्या-लाल-पिवळ्या तिन्ही थरांचे, पुरे, ओले. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे बघत होते. तिथे आई अजून पाणी ओतत होती, दगडावर पडणाऱ्या उन्हाला प्रेमाने घासत होती आणि म्हणत होती,

"देख उज्जू... आते कसा चोखा दिखी राहिना."